आधी मोजपट्टी काढ

वाचक मैत्रिणीचं पत्र:

"ताई, सप्रेम नमस्कार. मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी संशोधन-विकास विभागात आहे. वय 34, नोकरीला 9 वर्षं झाली. विभागात आम्ही 22 जण, त्यांत बायका चौघी. मागच्या महिन्यात विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, 'दोन वर्षांत इथल्या मुलींची संख्या दुप्पट झाली पाहिजे. हे काम तूच कर, दुसऱ्या कुणाला जमणार नाही.' म्हणजे समिती नेमायची, कॉलेजांत जाऊन बोलायचं, 11 फेब्रुवारीच्या 'विज्ञानातील महिला आणि मुली' या आंतरराष्ट्रीय दिवसाचा कार्यक्रम करायचा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गेल्या वर्षी आम्ही तापमानाचा एक सेन्सर केला. गरम-थंड चाचण्यांमध्ये त्याचं रीडिंग हळूहळू सरकायचं, आणि चार आठवडे कुणालाच कारण सापडेना. वरचं इपॉक्सी, म्हणजे कडक होणारा चिकट लेप, आकुंचन पावताना आतली तार ओढतंय, हे माझ्या लक्षात आलं. तारेला एक सैल वळण द्या आणि इपॉक्सीखाली मऊ सिलिकॉनचा थर द्या, असं मी सुचवलं. दोष गेला. पेटंटच्या अर्जात चार नावं गेली, त्यांत माझं नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, 'तू टेस्टिंग बघत होतीस ना!' नवरा म्हणतो, आता ते उकरून काढू नकोस, समितीमुळे तुझंच नाव होईल. पण 'या क्षेत्रात या' असं मी मुलींना कोणत्या तोंडानं सांगू? आणि खरंच प्रमाण वाढवायचं असेल, तर नेमकं करायचं काय?"

प्रिय मैत्रिणी,

ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या वेळी 'तू टेस्टिंग बघत होतीस ना' या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. प्रमुखांनी दिलेलं काम आणि अर्जातून गळलेलं नाव या तुला दोन निरनिराळ्या गोष्टी वाटताहेत, एक मानाची आणि एक अपमानाची. मला ती एकच गोष्ट दिसते. तुझ्या विभागात बायका कमी का आहेत, याचं निदान त्या पेटंटच्या अर्जात लिहिलेलं आहे. ते वाचल्याशिवाय समितीला हात घालू नकोस.

म्हणून आधी नावाचं बघू.

शोधनिबंधावर नाव येणं वेगळं आणि पेटंटवर शोधकर्ती म्हणून नाव येणं वेगळं. निबंधावर कुणाकुणाची नावं घालायची हे बरंचसं त्या त्या विषयातल्या रिवाजावर चालतं. पेटंटच्या अर्जात मात्र क्रमांक घालून दावे, म्हणजे नेमकं नवं काय शोधलं याची विधानं, लिहिलेले असतात, आणि त्यांतल्या एका तरी दाव्यातली कल्पना जिच्या डोक्यातून आली, ती शोधकर्ती. पैसा कुणी आणला, पद कुणाचं मोठं, खोलीची किल्ली कुणाकडे, याचा तिथे संबंध नाही. कष्टांचाही नाही, हेही तुला स्पष्ट सांगायला हवं. दुसऱ्यानं आखून दिलेल्या चाचण्या तू महिनाभर रात्री जागून केल्या असत्यास, तरी तेवढ्यानं शोधकर्ती ठरली नसतीस. पण तू जे लिहितेस ते तसं नाही. तू दोषाचं कारण ओळखलंस आणि त्यावरचा उपाय तूच काढलास. ते सैल वळण किंवा तो मऊ थर एखाद्या दाव्यात आला असेल, तर तुझं नाव नसणं ही त्या अर्जातली चूक आहे, आणि चूक दुरुस्त करून मागणं याला कुणी भांडण म्हणत नाही.

तेव्हा पहिलं काम हे. कंपनीत पेटंटचं काम बघणारे जे कुणी असतील, त्यांच्याकडून अर्जाची प्रत माग. साधारणपणे दाखल झाल्यावर 18 महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, त्यानंतर तो कुणालाही वाचता येतो. पण तोवर थांबू नकोस. दावे एकेक करून वाच. ज्या दाव्यात तुझी कल्पना दिसेल त्याचा क्रमांक आणि तुझ्या लॉगबुकातल्या, म्हणजे कामाच्या रोजच्या वहीतल्या, त्या पानाची तारीख समोरासमोर लिही. मग ईमेल कर, चार ओळींची. 'अमुक क्रमांकाच्या दाव्यातील तारेच्या वळणाची रचना मी अमुक तारखेला सुचवली होती, त्याची नोंद सोबत जोडली आहे. शोधकर्त्यांच्या नावांत माझा समावेश व्हावा, ही विनंती.' बस्स. 'मला फार वाईट वाटलं', 'मी बाई आहे म्हणून', यातलं काहीही त्यात नको. वाईट वाटलं हे खरंच आहे, पण ते मला लिही, पेटंट विभागाला नको.

औद्योगिक हक्कांविषयीचा 1883 चा जो पॅरिस करार आहे, त्यात पुढे घातलेलं एक छोटंसं कलम सांगतं की शोधकर्त्याला पेटंटमध्ये शोधकर्ता म्हणून नाव येण्याचा हक्क आहे. एका वाक्याचं कलम आहे. जगातल्या बहुतेक देशांनी हा करार मान्य केलेला आहे. राहून गेलेलं नाव नंतर घालण्याची सोयही बऱ्याच देशांत असते, आणि खऱ्या शोधकर्त्याला वगळलं तर पुढे पेटंटच अडचणीत येऊ शकतं. म्हणजे तुझं नाव घालणं हे कंपनीच्याही फायद्याचं आहे. ईमेलमध्ये हे लिहायची गरज नाही. पेटंटचा वकील ते वाचल्याबरोबर ओळखेल.

'टेस्टिंग बघत होतीस ना' याबद्दल मात्र दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1967 साली जोसलिन बेल ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीतून येणारा आलेखाचा कागद रोज तपासत बसायची. दिवसाला जवळपास 100 फूट कागद. कुणी म्हणालं असतं, ती नुसता कागद बघते. त्या कागदावर तिला एक बारीकशी खरवड दिसली, जी ताऱ्यांची वाटेना आणि माणसानं केलेल्या गोंगाटाचीही वाटेना. तिनं ती सोडून दिली नाही. तो पहिला पल्सार होता, ठरावीक अंतरानं रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा. 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना आणि दुसऱ्या एका प्राध्यापकांना मिळालं, तिला नाही. निरीक्षण हे हाताखालचं काम आणि कल्पना ही वरची वस्तू, अशी विभागणी ज्यांनी कधी चाचणीच्या टेबलाशी बसून बघितलं नाही त्यांची असते. तुझी कल्पना बघण्यातूनच आली. सरकणाऱ्या रीडिंगकडे चार आठवडे बघितल्याशिवाय ती कुणालाही आली नसती.

मला हे इतकं टोचतं त्याला कारण आहे. 35 वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे एक झडप दाब वाढला की थरथरायची आणि तिची बैठक, म्हणजे ती जिथे टेकते तो भाग, झिजून जायची. बैठकीचा कोन थोडा बदलून बघू, असं मला सुचलं. मी लॉगबुकात पेन्सिलीनं आकृती काढली, शेजारी तारीख घातली आणि ते पान मीटिंगमध्ये सगळ्यांपुढे ठेवलं. एका सहकाऱ्यानं ती आकृती फळ्यावर काढली, मोठी आणि माझ्यापेक्षा सुबक. त्यानंतर ती आकृती त्याची झाली. त्यात त्याचा काही डाव होता असं मला आजही वाटत नाही. खोलीतले सगळे फळ्याकडे बघत होते, माझ्या वहीकडे कुणीच नाही, इतकं साधं ते घडलं. पुढे पेटंटचं प्रमाणपत्र चौकट करून भिंतीवर लागलं, त्यात तीन नावं होती आणि मी रोज त्याच्यासमोरून जात असे. वहीतल्या पानाखाली मी सहीसुद्धा केलेली नव्हती, साक्षीदाराची तर नाहीच. मी काहीही बोलले नाही. बोलले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. पण माझ्यानंतर आलेल्या दोघी मुलींना मी 'पानाखाली सही कर, तारीख घाल, शेजारच्या माणसाची सही घे' एवढंही सांगितलं नाही, याची टोचणी अजून आहे. ती जाण्यासाठीच बहुधा मी हे सदर लिहिते. तू आजपासून रोज सही कर, आणि तुझ्या विभागातल्या बाकी तिघींनाही करायला लाव.

आता प्रमुखांनी दिलेल्या कामाकडे येऊ.

युनेस्कोची आकडेवारी बघितलीस तर जगातल्या संशोधकांमध्ये बायका साधारण एक तृतीयांश भरतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे येणारे आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज घेतले, तर त्यांत शोधकर्त्या म्हणून नोंदलेल्या बायका साधारण एक षष्ठांश, किंवा त्याहून जराशा जास्त. अर्थातच सगळे संशोधक पेटंट घेत नाहीत, आणि ज्या शाखांत पेटंट जास्त निघतात त्यांत बायका मुळातच कमी, हेही खरं. पण तेवढ्यानं ही दरी भरून निघत नाही. बायका प्रयोगशाळेपर्यंत पोचतात आणि शोधाच्या कागदापर्यंत पोचता पोचता निम्म्या होतात. म्हणून 'मुलींना विज्ञानाची गोडी लावा' या मोहिमेबद्दल मला फारसा उत्साह वाटत नाही. गोडी आहे. ती लागल्यावर पुढे काय होतं, ते बघायला हवं.

आणि पुढे काय होतं, तर बारीक बारीक निर्णय होतात. यंत्र कुणाला आधी मिळालं. ग्राहकाकडे जायला कुणाला घेतलं. शोधाची माहिती देणारा फॉर्म, ज्याला आपण डिस्क्लोजर म्हणतो, तो भरायला कोण बसलं, आणि त्यानं नावं आठवणीनं लिहिली की वही उघडून. यातला एकेक निर्णय इतका क्षुल्लक असतो की त्याबद्दल तक्रार करणारीच क्षुल्लक ठरते. सगळे एकत्र मोजले तरच ते दिसतात.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचं आहे. नॅन्सी हॉपकिन्स तिथे रेणवीय जीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी झेब्राफिशवर काम सुरू केलं. माशांच्या टाक्यांसाठी थोडी जागा वाढवून हवी होती, ती मिळेना. आपल्याला जागा कमी आहे असं त्या म्हणत, आणि तुम्हाला इतरांइतकीच आहे असं वरून उत्तर येई. मग त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री, सगळे गेल्यावर, इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजायला सुरुवात केली. एकेक खोली, एकेक ओटा. वरिष्ठ प्राध्यापक असून त्यांच्याकडे कनिष्ठ पुरुष सहकाऱ्यांपेक्षाही कमी जागा निघाली. तरीही त्यांना वाटत होतं की हे आपल्या एकटीचंच असेल. अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राचा मसुदा त्यांनी भीत भीत एका ज्येष्ठ सहकारी बाईंना दाखवला, तर त्या म्हणाल्या की मलाही यावर सही करायची आहे. मग मोजणी झाली तेव्हा 1994 साली एमआयटीच्या विज्ञान शाखेत कायम पदावर 194 पुरुष होते आणि 15 बायका. त्या जवळजवळ सगळ्याच एकत्र आल्या. समिती नेमली गेली. पगार, जागा, निधी, समित्यांवरच्या नेमणुका, सगळ्यांचे आकडे काढले गेले, आणि 1999 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. इतकी मोठी संस्था जाहीरपणे म्हणाली की हो, भेदभाव झाला. पगार सुधारले, जागा मिळाल्या, नव्या नेमणुका वाढल्या.

तिथे समिती होती, पण आधी मोजपट्टी होती. तुझ्या प्रमुखांना समिती हवी आहे. तू त्यांना सांग की पहिले तीन महिने मी काहीही आयोजित करणार नाही, मोजणार आहे.

काय मोजायचं? गेल्या पाच वर्षांत विभागातून किती डिस्क्लोजर गेले आणि प्रत्येकात कुणाची नावं होती. त्या त्या प्रकल्पावर प्रत्यक्ष कोण होतं. या दोन याद्या शेजारी ठेवल्यास तर तुझ्यासारखी आणखी नावं गळलेली दिसतील, आणि ती सगळी बायकांचीच असतील असं धरून चालू नकोस. नव्यानं लागलेल्या मुलांची, तंत्रज्ञांची नावंही अशीच गळतात, तेही मोज. मग प्रोटोटाइपसाठी खर्च मंजूर कुणाला किती झाला, आणि पहिल्यांदा मागितल्यावर झाला की तिसऱ्यांदा. चांगलं यंत्र कामाच्या वेळेत कुणाला मिळतं आणि संध्याकाळी सातनंतर कुणाला. नोकरी सोडून कोण गेलं आणि कितव्या वर्षी गेलं. यात मुलाखती, भावना, मतं काही नको. ती नंतर.

आणखी एक मोज, ते सोपं आहे आणि डोळे उघडणारं आहे. बैठकीचे मिनिट्स कोण लिहितं, नव्या माणसाला सगळं दाखवायला कोण जातं, निरोप समारंभाचं कोण बघतं. 2017 मध्ये अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच कामांवर प्रयोग प्रसिद्ध केले, म्हणजे जी कुणीतरी करायलाच हवीत पण केल्यानं बढती मिळत नाही अशी कामं. पुरुष आणि बायका एकत्र बसलेल्या गटांत बायका पुरुषांपेक्षा 48 टक्के जास्त वेळा स्वतःहून पुढे आल्या. गटात नुसते पुरुष बसवले, तेव्हा पुरुषही तितकेच पुढे आले. म्हणजे हा काही बायकांचा स्वभाव नाही. समोर बाई बसलेली असली की ती करील, असं खोलीतले सगळेच धरून चालतात, तिच्यासकट. आणि विनंती करायची वेळ आली तेव्हाही बायकांनाच 44 टक्के जास्त वेळा विचारलं गेलं.

आता सांग, 'मुलींची संख्या दुप्पट कर, तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही' हे काम यात बसतं की नाही?

म्हणून ते काम घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. अटी घालून घे, आणि त्या लिहून घे. आठवड्यातला एक पूर्ण दिवस त्यासाठी मिळेल आणि तुझ्या प्रकल्पांतलं तेवढं काम दुसऱ्याकडे जाईल. वर्षअखेरच्या मूल्यांकनात त्याला प्रकल्पाइतकं वजन असेल. मी वर सांगितलेले आकडे तुला बघायला मिळतील, नावांनिशी. आणि सगळ्यात महत्त्वाची अट ही, की आकडा वाढला नाही तर जाब विभागप्रमुखांना विचारला जाईल, तुला नाही. भरती त्यांच्या हातात आहे, बढत्या त्यांच्या हातात आहेत, प्रकल्प तेच वाटतात. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसरीकडे असली, की दोन वर्षांनी 'मुलीच येत नाहीत, आम्ही खूप प्रयत्न केला' असा अहवाल येतो, आणि खाली सही तुझी असते. यातल्या निम्म्या अटीही मान्य होत नसतील, तर नाही म्हण आणि त्या दिवशी शांत झोप. तू चांगला सेन्सर बनवणं हेसुद्धा बायकांचं प्रमाण वाढवणंच आहे.

घेतलंस, तर मोजून झाल्यावर काय बदलायचं याबद्दल माझं एक ठाम मत आहे. बायकांना बदलायच्या शिबिरांवर वेळ घालवू नकोस. आत्मविश्वास वाढवा, मोठ्यानं बोलायला शिका, वाटाघाटी शिका, हे सगळं ऐकून माझे कान किटले आहेत. रीत बदल.

रीत बदलली की काय होतं बघ. हबल दुर्बिणीवर निरीक्षणाचा वेळ मिळवण्यासाठी जगभरातले खगोलशास्त्रज्ञ अर्ज करतात. मिळतो फार थोड्यांना. वर्षानुवर्षं पुरुषांच्या नेतृत्वाखालचे अर्ज थोड्या जास्त प्रमाणात मंजूर होत. फरक लहान, पण दर वर्षी त्याच दिशेला. 2018 पासून परीक्षकांना अर्जदारांची नावं द्यायचीच नाहीत असं ठरलं. त्या फेरीत बायकांचे 8.7 टक्के अर्ज मंजूर झाले, पुरुषांचे 8.0 टक्के. बायकांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं, फक्त नाव झाकलं होतं. नाव काय करतं हे 2012 च्या एका प्रयोगातही दिसलं होतं. अमेरिकेतल्या विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला, निम्म्यांना जॉन या नावानं आणि निम्म्यांना जेनिफर या नावानं. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला वर्षाला सुमारे 30,200 डॉलर देऊ केले गेले. जेनिफरला सुमारे 26,500. आणि बाई प्राध्यापकांनीही तेच केलं, हे विसरू नकोस. उद्या भरतीच्या टेबलावर तू बसशील, तेव्हा तुझ्याही हातून ते होऊ शकतं. म्हणून पहिल्या चाळणीत नाव झाक, आणि प्रश्न आधी ठरवून सगळ्यांना तेच विचार.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजचं. 2006 च्या सुमारास तिथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुली दहातली एक होती, थोड्याच वर्षांत दहातल्या चार झाल्या. त्यांनी पहिलाच अभ्यासक्रम नव्यानं आखला आणि आधी प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांचा वर्ग वेगळा केला. पहिल्या वर्षानंतर लगेच मुलींना खऱ्या संशोधनात घेतलं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी छोटी आहे. वर्गात प्रत्येक प्रश्नाला हात वर करून सगळ्यांना दिपवणारा जो मुलगा असतो, त्याच्याशी प्राध्यापक वर्गाबाहेर एकटे बोलायचे. तुझं ज्ञान मला फार आवडतं, आपण दोघं यावर नंतर बोलत जाऊ, वर्गात मात्र इतरांना जागा दे. त्या मुलाचा अपमान नाही, आणि बाकीच्यांना कळतं की आपल्याला काहीच येत नाही असं नाही. तुझ्या बैठकीत फळ्याजवळ नेहमी कोण उभं असतं? त्याच्याशी असं बोलता येईल का बघ. माझ्या झडपेच्या वेळी कुणी तसं बोललं असतं तर, असा विचार माझ्या मनात येऊन जातो.

तुला प्रमुखांसमोर 'हे कशासाठी' याचंही उत्तर द्यावं लागेल. तिथे 'बायका मुळात हळव्या, त्यांना माणसांचं कळतं' अशा वाटेनं जाऊ नकोस. गोड वाटतं, पण त्याच वाटेनं आपल्याला परत निरोप समारंभाच्या कामाला पाठवतात. खरं कारण सरळ आहे: माणूस स्वतःला बोचलेल्या गोष्टीवर उपाय शोधतो. 2021 मध्ये सायन्स या नियतकालिकात वैद्यकशास्त्रातल्या अमेरिकन पेटंटचा एक अभ्यास आला. ज्या शोधांवर फक्त बायकांची नावं होती, ते बायकांच्या आरोग्याशी संबंधित असण्याची शक्यता फक्त पुरुषांच्या शोधांपेक्षा 35 टक्के जास्त निघाली. शोधणारी माणसं कमी, म्हणून प्रश्न न सुटलेले. आणि जिथे शोधणाऱ्यांना प्रश्नच दिसत नाही, तिथे काय होतं ते गाड्यांच्या टकरीत दिसतं. चाचणीसाठी दशकानुदशकं सरासरी पुरुषाच्या बांध्याची डमी, म्हणजे माणसाएवढा पुतळा, वापरली गेली. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात, समोरासमोरच्या टकरीत पट्टा लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याचा धोका पट्टा लावलेल्या पुरुषापेक्षा 73 टक्के जास्त आढळला. यात डमीचा वाटा किती आणि गाडीच्या आकाराचा किती, यावर वाद आहेत. पण चाचणीच्या टेबलाशी कोण बसतं, यानं जिवाचा फरक पडू शकतो. तुला 'टेस्टिंग बघत होतीस' म्हणणाऱ्यांना हे सांगण्यासारखं आहे.

आणि कमाईचा, फायद्याचा कुठलाही हिशेब बाजूला ठेवला, तरी ज्याचं काम त्याचं नाव एवढं पुरेसं आहे. ते मागायला आकडे लागू नयेत.

राहता राहिलं, कॉलेजातल्या मुलींपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं. या तोंडानंच. तिथे जायचं ठरलं तर मोठमोठ्या स्त्रियांच्या तसबिरी दाखवून 'त्यांनी केलं, तुम्हीही करा' असं सांगू नकोस. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला. गुणवत्तेत कमतरता नव्हती, बाई असणं आड आलं. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष परीक्षा म्हणून ठेवून बघू, अशा अटीवर सी. व्ही. रामन यांनी त्यांना घेतलं. त्यांचं काम बघून पुढे मुलींना दार उघडलं. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही गोष्ट आपण नेहमी त्यांच्या जिद्दीची म्हणून सांगतो. पण ते परीक्षेचं वर्ष कुठल्याही मुलाला द्यावं लागलं नव्हतं, आणि एकीच्या निकालावर बाकी सगळ्यांचं दार अवलंबून होतं, हे अन्यायाचं होतं. मुलींना दोन्ही सांग. तुझा सेन्सर घेऊन जा, तारेचं ते वळण भिंगाखाली दाखव. एखादीला त्यातलं काय वाटतं ते तिच्या डोळ्यांत दिसेलच. मग लॉगबुक कसं लिहायचं, डिस्क्लोजर म्हणजे काय, दावा कसा वाचायचा, हे शिकव. मला एकविसाव्या वर्षी हे कुणी शिकवलं नाही.

तुझ्या नवऱ्यावर रागवू नकोस. तुला त्रास होऊ नये एवढंच त्याला वाटतंय. पण समितीमुळे होणारं नाव आणि शोधकर्ती म्हणून येणारं नाव यांतला फरक त्याला समजावून सांग. ईमेल पाठवण्याआधी तो मसुदा त्यालाच वाचायला दे.

ईमेल या आठवड्यात जाऊ दे, प्रमुखांशी अटींचं बोलणं त्यानंतर. क्रम उलटा करू नकोस. समिती आधी घेतलीस तर नावाचा विषय तुलाच काढवणार नाही. आणि मला लिही. दाव्यांच्या यादीत तारेचं वळण कितव्या क्रमांकाला निघालं, ते मला जाणून घ्यायचं आहे.

तुझी,
ताई